पान एकसष्ट

मोशी
१४ जानेवारी २०२५

चि. धनेश यास आशीर्वाद.

आज संक्रांत. आमचा सुजित गेल्यामुळे यंदा सण नाही. सकाळी साडेपाचला उठलो, दूध आणलं. शेजारच्या बायका तुझ्या काकूला, दुर्गाबाईला, हाक न मारता खाली गेल्या, ते बरं झालं. नऊ वाजता सुजितच्या टेबलावरची धूळ पुसली. कुरिअरचं दुकान अकराला उघडतं. तेव्हा वही तुझ्या साणंदच्या पत्त्यावर पाठवीन. हे पत्र तिच्यातच ठेवतो. फोनवर मला बोलता येत नाही, तुला माहीत आहे.

दहाव्याला आलास तेव्हा म्हणालास की वहीचे फोटो काढून सगळं इंटरनेटवर सुजितच्या नावाने लावतोस. बरं वाटलं. वही जपून हाताळ. तीत तुमच्या दोघांची तीन वर्षं आहेत. जुन्या म्युझिक सिस्टमचा स्पीकर, त्याच्यावर उभी काडी, काडीच्या टोकाला चुंबकाचा तुकडा, दोन बाजूंना मी गुंडाळलेल्या कॉइल. एवढ्यावर तुम्ही चुंबकाची ताकद मोजत होता. असलं यंत्र बाहेर लाखांत मिळतं, लहान कॉलेजांना घेता येत नाही, म्हणून आपले नकाशे उघडे ठेवायचे, ज्याला हवं त्याने बनवावं, असं तो म्हणायचा. मला त्यातलं फार कळत नाही. भोसरीला तीस वर्षं जळालेल्या मोटारींत नवी तार भरली, तेवढं वायरचं कळतं.

एक मागणं आहे. ऑगस्टमध्ये चुंबकाच्या कंपनीने त्याला काढलं ते चोरीचा ठपका ठेवून. नमुने बाहेर नेले म्हणून. तू त्याच खात्यात होतास. सुजितने चोरी केलेली नाही, एवढं दोन ओळींत लिहून सही करून पाठव. कुठे लावायचं नाही. दुर्गाबाईला वाचून दाखवायचं आहे.

मोनिकाला आणि छोटीला आशीर्वाद.

अर्जुनराव


साणंद
२ फेब्रुवारी २०२५

ती. अप्पांना सा. नमस्कार.

वही मिळाली. उघडली आणि रडलो. मोनिका म्हणाली, जेवून घ्या आधी, मग बघा. दोन दिवस हातच लावला नाही.

अप्पा, इथे नवीन प्लँट आहे, माणसं नवीन, मशिनं नवीन, सगळं माझ्या डोक्यावर. असिस्टंट मॅनेजर केलंय म्हणजे चोवीस तास फोन चालू. तरी रविवारी बसून पेज तयार करतोय. सुजित असता तर म्हणाला असता, "भावा, तुझे रविवार कधी संपणार?" तुमच्या घरच्या रविवारांची फार आठवण येते. काकूंची शेंगाची चटणी, तुमचं ते मान खाली घालून कॉइल भरणं आणि आमची भांडणं. तो एकच नमुना चारदा मोजायचा. मी म्हणायचो, राव, चुंबक आहे, पोरगी बघायला आलोय का आपण?

दोन ओळींचं म्हणालात. लिहितो ना. पण अप्पा, मी अजून कंपनीतच आहे, शब्द जपून वापरावे लागतात. एचआरमधल्या ओळखीच्या माणसाला विचारून लिहितो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सुजित कसा होता हे आपल्याला माहीत आहे, बाकीच्यांचं सोडा.

आपला,
धनेश


मोशी
९ मार्च २०२५

चि. धनेश यास आशीर्वाद.

काल चिंचवडच्या तंत्रनिकेतनातल्या विजयश्री मॅडम घरी आल्या होत्या. सुजितने त्यांच्या प्रयोगशाळेला एक यंत्र बनवून दिलं होतं, ते चालू आहे. एक कॉइल तुटली होती, ती मी भरून दिली. त्या तिथेच बसून बघत होत्या. त्यांना मी आमची पहिली चूक सांगितली. मोटारीच्या सवयीने मी दोन्ही कॉइल एकाच दिशेने भरल्या आणि तशाच जोडल्या. यंत्र चालू केलं की खालच्या रस्त्यावरून ट्रक गेला तरी आकडा उड्या मारायचा. सुजित तीन दिवस शोधत होता. मग हसत आला. "अप्पा, एक उलटी जोडायला पाहिजे. म्हणजे बाहेरचा गोंधळ दोघींत कटतो आणि फक्त चुंबकाचं ऐकू येतं." मॅडम हसल्या. दुर्गाबाईही थोडी हसली. डिसेंबरनंतर पहिल्यांदा.

त्यांनी मोबाइलवर तुझं पेज दाखवलं. चांगलं केलं आहेस. वर "निर्मिती: धनेश, साहाय्य: सुजित" असं आहे. घाईत क्रम उलटा झाला असेल. बदलून घे.

वहीचं काम झालं असेल तर परत पाठव. दुर्गाबाई रोज विचारते. आणि त्या दोन ओळी.

अर्जुनराव


साणंद
३० मार्च २०२५

ती. अप्पांना सा. न.

वही सोबत पाठवतोय. सगळी पानं स्कॅन झाली.

नावाचा क्रम मुद्दाम नाही, पण खरं सांगू का, इथले वरचे लोक या यंत्रात इंटरेस्ट दाखवताहेत. पेजवर जिवंत माणसाचं नाव आधी असलं की विचारपूस करायला सोपं जातं. सुजितचं नाव आहेच.

त्या दोन ओळींचं, अप्पा, मी पुष्कळ विचार केला. आता ते उकरून काय मिळणार? तो गेला. कंपनी पोलिसांत गेली नाही, तेवढ्यावर मिटलं. काकूंना तोंडी सांगा की धनेश म्हणाला, सुजित निर्दोष होता. माझा शब्द कागदापेक्षा कमी आहे का?

आपला,
धनेश


मोशी
६ एप्रिल २०२५

चि. धनेश यास,

वही मिळाली. पान साठनंतर एकदम त्रेसष्ट आहे. मधलं पान शिवणीजवळ ब्लेडने कापलेलं आहे. तुझ्याकडे राहिलं असेल तर पाठव.

अर्जुनराव


साणंद
२० एप्रिल २०२५

ती. अप्पांना सा. न.

पानाचं वाचून मीच गोंधळलो. मग आठवलं. त्या पानावर चहा सांडला होता, तुमच्याच घरी. आकडे वाचता येत नव्हते म्हणून सुजितनेच ते काढलं होतं. तुम्ही आता बघितलंत म्हणून नवीन वाटलं. ते पान नसलं तरी फरक पडत नाही, तीन वर्षांत एक रविवार इकडे तिकडे.

इथे ऊन फार आहे. छोटी बसायला लागली. फोटो पाठवीन. तब्येतीची काळजी घ्या.

धनेश


मोशी
२७ एप्रिल २०२५

धनेश,

त्या पानावर चहा सांडला नव्हता.

सुजित गेल्यावर बारा दिवस घरात माणसं होती. तेराव्या दिवशी सगळी गेली. रात्री जेवताना दुर्गाबाई म्हणाली, "त्या वहीत काय लिहिलंय लेकरानं, मला वाचून दाखवा." मी म्हणालो, नुसते आकडे आहेत, तुला काय कळणार. ती म्हणाली, "कळायला कशाला पायजे? त्याच्या हातचं हाय नव्हं?" मग मी रोज संध्याकाळी आठ-दहा पानं वाचायला लागलो. तारीख, नमुना, वजन, आकडा, शेरा. ती भिंतीला टेकून ऐकायची. तुला वही पाठवायच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटचं पान संपवलं. एकही पान सोडलेलं नाही.

तुमच्या वहीचा नियम तुला माहीत आहे, तुम्हीच घातला होता. यंत्र तपासायला आधी निकेलचा तुकडा मोजायचा, मग नमुना, मग परत निकेल. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन सह्या. नमुना आणणाऱ्याची आणि मोजणाऱ्याची. सुजित म्हणायचा, जो कोणी आपलं यंत्र बनवेल त्याला आपल्याला विचारता आलं पाहिजे की हा तुकडा कुठून आला.

पान कापलेलं बघून मी दुर्गाबाईला विचारलं, साठनंतर काय होतं आठवतं का? ती लगेच म्हणाली, "अठ्ठावन्न, अठ्ठावन्न येत हुतं ते. म्या म्हनलं न्हाई का तुमाला, परत अठ्ठावन्नच? एक सत्तावन्न हुता." तेव्हा मलाही आठवलं. सहा नमुने होते. शेऱ्यात लिहिलं होतं, सहाही कंपनीच्या प्रमाणपत्रापेक्षा कमी.

मग कपाटातून कंपनीचं पत्र काढलं. ऑगस्टपासून ते मी उघडलं नव्हतं. मला लाज वाटत होती. त्यात लिहिलं आहे की लाइन तीनचे सहा नमुने चौदा जुलैला विनापरवाना बाहेर नेले. चौदा जुलै रविवार होता. तू सकाळी आला होतास. तुझ्या डब्याच्या पिशवीतून कागदाची पुडी काढलीस आणि म्हणालास, "रिजेक्टचे आहेत, गेटपास केलाय." मी कॉइलला लाख लावत होतो, दारासमोर. पानावर सहाही ओळींत आणणारा म्हणून ध. अशी सही होती, मोजणारा म्हणून सु. मी ती स्वतः वाचली होती. तेव्हा ती फक्त सही होती.

तू ते पान कापलं नसतंस तर मला हे कधी कळलं नसतं. मी त्या पत्राला हातही लावला नसता.

पान परत पाठव.

अर्जुनराव


साणंद
२५ मे २०२५

अप्पा,

चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

हो, मी आणले होते. गेटपास नव्हता. लाइन तीन माझ्याकडे होती. माल कमजोर येतोय असं मला वाटत होतं, पण बोलायची हिंमत नव्हती, म्हणून सुजितला म्हटलं, गुपचूप मोजून बघ. गुपचूप म्हटलं होतं अप्पा. त्याने आकडे काढले आणि सरळ मॅनेजरला मेल केली. मला न विचारता. म्हणे वायपरच्या मोटारीत जाणार हे चुंबक, गप्प कसं बसायचं? तो असाच होता, एकदा आकडा आला की त्याला माणूस दिसायचा नाही.

त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आकड्यांबद्दल एक शब्द नाही. तुकडे बाहेर कोणी नेले, एवढंच. मी गप्प बसलो. मग मॅनेजर म्हणाला, "सुजितनेच ना?" मी नाही म्हणालो नाही. एवढंच केलं मी. नाव मी घेतलं नाही. मोनिकाला आठवा महिना होता. त्याच महिन्यात साणंदचं ठरत होतं. माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतं ते मला सांगा.

आणि सुजितला सगळं माहीत होतं. त्याच संध्याकाळी मी त्याला कुरुळी फाट्यावर भेटलो. पाया पडलो त्याच्या. तो म्हणाला, "वहीत तुझी सही आहे धन्या. मी ती कोणाला दाखवणार नाही. पण खोडणारही नाही." पुढचे चार महिने तो नोकरी शोधत फिरला, पण वही त्याने बाहेर काढली नाही. त्याने मला झाकलं. ही त्याची इच्छा होती. तो नसताना तुम्ही ती मोडणार का?

अजून एक. हे लिहू नये, पण तुम्ही मला एकट्याला पिंजऱ्यात उभं केलंत म्हणून लिहितो. तुम्हीही त्याला विचारलं होतंत ना, घेतलेस का तू म्हणून? तो मला फोनवर सांगत होता. कंपनीचं त्याला एवढं लागलं नव्हतं अप्पा.

पान माझ्याकडे नाही. जाळलं. मला माफ करा. आता हा पत्रव्यवहार थांबवू. घरी मोनिकाला यातलं काही माहीत नाही.

धनेश


मोशी
८ जून २०२५

श्री. धनेश यांस,

पत्र पोचलं. इतके दिवस उत्तर दिलं नाही कारण तू लिहिलेलं एक वाक्य खरं आहे.

मी त्याला विचारलं होतं. पत्र आलं त्या रात्री, जेवायच्या आधी. दुर्गाबाई आत होती. मी म्हणालो, "खरं सांग, घेतले होतेस का?" तीस वर्षं मी लोकांच्या मोटारी भरल्या, उरलेली तांब्याची तारसुद्धा मालकाला वजन करून परत दिली, आणि माझ्याच पोराला हे विचारलं. तो रागावला नाही. टेबलाकडे हात करून म्हणाला, "वही वाचा, अप्पा." मला वाटलं, तो विषय टाळतोय. मी जेवायला बसलो. वही तिथेच होती, चार महिने. अकरा डिसेंबरला तो चाकणला मुलाखतीला गेला आणि परत येताना ट्रकखाली आला, तोपर्यंत मी ती उघडली नाही.

तेव्हा माझं माप मला माहीत आहे. माझ्या मापामागे तुला लपता येणार नाही.

माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं, असं विचारतोस. माहीत नाही. कदाचित मीही गप्प बसलो असतो. भ्यालेल्या माणसाला मी समजू शकतो. पण केबिनमध्ये बोलावलं तेव्हा तू भ्यालेला होतास. दहाव्याला आमच्या घरी येऊन, दुर्गाबाईच्या हातचं पाणी पिऊन वही मागितलीस, तेव्हा तुला कोणी धमकावत नव्हतं. तेव्हा सुजितला जाऊन दहा दिवस झाले होते.

सुजितची इच्छा होती म्हणतोस. ती मी फक्त तुझ्या तोंडून ऐकली आहे. खरीही असेल, तो तसा होताच. पण त्याने मला जे सांगितलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. त्याने मला वही वाच म्हणून सांगितलं. मी उशिरा वाचली, पण वाचली.

गेल्या रविवारी विजयश्री मॅडमना बोलावून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, हे उघडं ठेवलेलं काम आहे. सुजितनेच तसं लिहून ठेवलंय. कोणालाही याची नक्कल करून वेगळं लावता येतं, धनेशची परवानगी लागत नाही." कॉलेजच्या पेजवर त्यांनी सगळं पुन्हा लावलं आहे. नकाशे, कॉइलचे वेढे, वही. निर्मितीत दोघांची नावं आहेत, आधी सुजित. तुझं काढलेलं नाही. स्पीकरवर काडी ताठ कशी राहील हे तूच शोधलं होतंस, ते लिहिलं आहे.

एकसष्ट नंबरचं पान मी पुन्हा लिहिलं. दुर्गाबाई समोर बसली होती. वर लिहिलं की मूळ पान नष्ट झालेलं आहे, ही आठवणीतून केलेली नक्कल आहे, वाचणारा अर्जुनराव, ऐकणारी दुर्गाबाई. सहा आकड्यांपैकी चार आम्हा दोघांनाही सारखे आठवले, ते लिहिले. दोनांवर आमचं जमलं नाही. ती म्हणाली, "लिवा की अठ्ठावन्न, कोन बगतंय." मी ते दोन रकाने मोकळे ठेवले. वजनं आठवत नाहीत, तीही मोकळी आहेत. आणणाऱ्याच्या रकान्यात ध. लिहिलं आणि मोजणाऱ्याच्या रकान्यात सु. तुझी सही मी काढली नाही, फक्त अक्षर लिहिलं. हे वाचून कंपनी काही करेल असं मला वाटत नाही. तुझ्याविरुद्ध मी कुठेही अर्ज केलेला नाही, करणारही नाही. पण कोणी विचारलं की हा तुकडा कुठून आला, तर त्याचं उत्तर आता तिथे आहे.

दुर्गाबाईला मी दोन ओळी वाचून दाखवणार होतो. तुझं मागचं पत्र वाचून दाखवलं. सगळं. मी सुजितला काय विचारलं होतं तेही. ती म्हणाली, "तुमी बी?" दुसऱ्या दिवशी ती बहिणीकडे चिखलीला गेली. जाताना भांडली नाही. पिठाचा डबा भरून ठेवला आणि कुठली डाळ आधी संपवायची ते सांगून गेली. आज सहा दिवस झाले. येईल. मी फोन केलेला नाही, मला फोनवर बोलता येत नाही.

यापुढे मी लिहिणार नाही. तूही लिहू नकोस. छोटी मोठी झाल्यावर तिला मोशीला आणायचं असेल तर आण, तिचा यात काही दोष नाही.

इकडे एक दिवसाआड पाणी येतं. आज आपल्या बाजूचा दिवस आहे. नळाला आता आवाज यायला लागला आहे. पिंप विसळून ठेवलं आहे. उठतो आणि भरून घेतो.

अर्जुनराव